बिली बार्ट्रम आणि धूर सोडणाऱ्या मगरी

मंडळी, एप्रिलमधल्या एका शनिवारी मी पहाटे पाचला गजर लावून उठलो, तेव्हा बायकोला वाटलं की क्लायंटचा सर्व्हर पुन्हा झोपला. सर्व्हर ठीक आहे, मी मगरींचे फोटो काढायला चाललोय, असं सांगितल्यावर ती उलट जास्तच काळजीत पडली!

जॅक्सनव्हिलहून गेन्सव्हिल म्हणजे साधारण दीड तासाचा ड्राइव्ह. गावाला लागूनच पेन्स प्रेअरी नावाची एकवीस हजार एकरांवर पसरलेली पाणथळ आहे. आठला फाटक उघडतं. त्याआधी दहा मिनिटं मी ट्रायपॉड, थर्मास आणि डब्यातल्या मेथीच्या थेपल्यांसह तिथे हजर होतो. मी मूळचा सांगलीकडचा. आमच्याकडे कृष्णेत भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे घाटावर पाण्यात पाय सोडून बसलेलं आजीला अजिबात खपायचं नाही. पण इथे लाकडी पुलावरून खाली पाहिलं आणि आजीची आठवण आली. एका नजरेत पंचवीस-तीस! त्यानंतर मोजायचं सोडून दिलं.

तांत्रिकदृष्ट्या ही आपली मगर नव्हे. हा अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीचा चुलतभाऊ. तोंड मिटल्यावर खालचे दात दिसत नाहीत, ही त्याची सोपी खूण. इकडे सगळे त्याला गेटर म्हणतात, मीही तेच म्हणतो.

थोड्या वेळाने समोरच्या एका मोठ्या नराने डोकं आणि शेपूट पाण्याबाहेर उचललं. पाठ होडीसारखी वाकली, गळा फुगला. आवाज अजून आलाच नव्हता, पण त्याच्या पाठीवरचं पाणी तव्यावर शिंपडल्यासारखं थडथड उडायला लागलं. मग तो ओरडला. मोठा डिझेल ट्रक थंडीत सुरू होताना जसा घुमतो, तसा काहीतरी आवाज. कानांपेक्षा तो छातीत जास्त जाणवतो. एकाने सुरुवात केल्यावर दुसरा, तिसरा, अख्खं तळं घुमायला लागलं. मी फटाफट फोटो काढले. घरी येऊन लॅपटॉपवर पाहतो तर काय, गेटरच्या भोवती पांढरट धूर! उजेड कमी म्हणून शटर स्लो ठेवला होता, त्यामुळे उडालेल्या थेंबांचा धुरकट पट्टा झाला होता. फोटो बिघडला म्हणून डिलीट करणार होतो, तेवढ्यात ट्रेलवरच्या माहितीफलकावर वाचलेलं एक नाव आठवलं. विल्यम बार्ट्रम. १७७४ साली हा माणूस याच पाणथळीत आला होता, आणि गेटरच्या नाकातून धूर निघतो असं लिहिल्याबद्दल लोकांनी त्याला पुढे कितीतरी वर्षं थापाड्या म्हटलं होतं.

त्या फोटोमुळे मी या माणसाच्या मागे लागलो. इकडच्या शाळांत त्याचं नाव शिकवतात, इथे त्याच्या नावाने रस्ते आहेत, ट्रेल आहेत. आपल्या मंडळींपैकी फार जणांना तो माहीत नसेल म्हणून हा लेखप्रपंच.

विल्यमचा जन्म १७३९ सालचा, फिलाडेल्फियाजवळचा. वडील जॉन बार्ट्रम मूळचे शेतकरी, क्वेकर पंथाचे, औपचारिक शिक्षण जेमतेम. पण वनस्पतींचं असं वेड की स्कूलकिल नदीकाठी स्वतःची बाग उभी केली, आणि लंडनच्या श्रीमंत लोकांना अमेरिकेतल्या झाडांच्या बिया पेट्या भरभरून पाठवायचा व्यवसाय केला. १७६५ मध्ये इंग्लंडच्या राजाने त्यांना आपला वनस्पतिशास्त्रज्ञ नेमलं. असा कर्तबगार बाप, आणि पोटी हा बिली. घरात त्याला बिलीच म्हणायचे.

बिलीला चित्रं काढायला आवडायची. पक्षी, कासवं, फुलं काढत बसायचा. हात फार चांगला होता. पण चित्रांवर पोट कसं भरणार, हा प्रश्न अठराव्या शतकातल्या बापालाही पडायचाच! जॉन यांचे मित्र म्हणजे साक्षात बेंजामिन फ्रँकलिन. त्यांनी पोराला छपाईचा धंदा शिकवायची तयारी दाखवली. पण छपाईत फार थोडे लोक पोट भरतात म्हणून वडिलांनाच ते पटलं नाही. मग बिलीला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं. पुढे नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीकाठी काकांच्या आधाराने त्याने स्वतःचं दुकान टाकलं. ते चाललं नाही.

१७६५ मध्ये वडील त्याला बरोबर घेऊन फ्लोरिडाच्या दौऱ्यावर आले. सेंट जॉन्स नदीतून दोघे होडीने फिरले. ही आमच्या जॅक्सनव्हिलचीच नदी बरं का. मोठी मजेशीर नदी आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, लांबी तीनशे दहा मैल आणि एवढ्या लांबीत उतार तीस फुटांहूनही कमी. म्हणजे नदी वाहते की नुसती पसरते, असा प्रश्न पडावा. वाटेत जॉर्जियात अल्टामाहा नदीच्या काठी बापलेकांना एक अनोळखी छोटं झाड दिसलं. त्याच्याकडे पुढे येतो.

बिली या नदीच्या प्रेमात पडला आणि इथेच राहून शेती करतो म्हणाला. वडिलांना ते पसंत नव्हतं, तरी त्यांनी जमिनीची सोय केली आणि सहा गुलाम माणसं विकत घेऊन दिली. चरित्रांतून बिलीच्या अपयशाबद्दल हळहळ पुष्कळ सापडते, पण त्या दलदलीत ज्यांना स्वतःच्या मर्जीविरुद्ध राबायला लागलं त्या सहा जणांचं काय, हे वाचताना माझ्या डोक्यातून जात नव्हतं. शेती अर्थातच बुडाली. १७६६ मध्ये चार्ल्स्टनचे व्यापारी हेन्री लॉरेन्स तिथून जाताना त्याला भेटले. गळकी झोपडी, अंगात ताप, खायची मारामार आणि आजूबाजूला दलदल, असं सगळं त्यांनी जॉनना पत्राने कळवलं. गावाकडच्या ओळखीच्या माणसाने बापाला फोन करून मुलाचा परदेशातला खरा हाल सांगावा, तसंच ते. बिली घरी परतला. पुढची काही वर्षं मजुरी, छोटामोठा व्यापार, कर्ज. १७७० मध्ये देणेकऱ्यांच्या भीतीने त्याला फिलाडेल्फिया सोडून पुन्हा नॉर्थ कॅरोलिनाला पळून जावं लागलं. वय एकतीस. माझ्या पहिल्या प्रमोशनच्या वेळी माझं जेवढं होतं तेवढंच.

याच काळात लंडनमध्ये त्याची चित्रं हातोहात फिरत होती. डॉ. जॉन फॉदरगिल नावाच्या क्वेकर डॉक्टरांना ती आवडली. या डॉक्टरांनी ठरवलं की या माणसाला दक्षिणेकडे पाठवायचं. वर्षाला पन्नास पौंड, बदल्यात बिया, वाळवलेली रोपं आणि चित्रं पाठवायची. आजच्या भाषेत कॉन्ट्रॅक्ट जॉब, डिलिव्हरेबल्ससकट! आमच्या धंद्यात अशा क्लायंटला हिरवा झेंडा दाखवायला आम्ही एका पायावर तयार असतो. मार्च १७७३ मध्ये बिली जहाजाने चार्ल्स्टनला निघाला, तो घरी परतला थेट जानेवारी १७७७ मध्ये.

१७७४ च्या उन्हाळ्याच्या सुमारास तो एका छोट्या होडीतून सेंट जॉन्सवरून एकटाच दक्षिणेकडे निघाला होता. बरोबर घेतलेला इंडियन तरुण वाटेतच उतरून गेला. आजच्या अ‍ॅस्टर गावाच्या वरच्या अंगाला, लेक डेक्स्टरच्या आसपास, एका उंचवट्यावर ओकच्या झाडांखाली त्याने मुक्काम ठोकला. संध्याकाळ होत आली, जेवायला काही नाही, म्हणून मासे पकडायला निघाला. आणि इथे त्याने एक निर्णय घेतला, तो वाचून मी हसलो आणि मग मला पटलाही. होडी उलटली तर बंदूक पाण्यात जाईल म्हणून बंदूक काठावर ठेवली आणि हातात एक सोटा घेतला!

थोडं पुढे गेल्यावर गेटर चारी बाजूंनी आले. दोन मोठे अर्धं अंग पाण्याबाहेर काढून एकदमच चालून आले, जबडे त्याच्या कानाशी मिटले, अंगावर पाण्याचे लोट. होडी आता उलटणार असं वाटत असताना याने दिसेल तिकडे सोटा चालवला आणि कशीबशी काठाला लावली. शहाणा माणूस इथे उपाशी झोपला असता. हा काठाकाठाने जाऊन मासे पकडून आला. परत येताना एक थोराड गेटर मागे लागला, तो मुक्कामाच्या जागेपर्यंत. बिलीने बंदूक आणून त्याला गोळी घातली. मग पाण्याच्या कडेला बसून मासे साफ करत होता, तर सहज वर पाहिलं आणि समोरच्या स्वच्छ पाण्यातून एक डोकं सरकत येताना दिसलं. तो मागे झाला तेवढ्यात गेटरने शेपटीच्या एका फटकाऱ्यात काही मासे पाण्यात ओढून नेले. रात्री दोन अस्वलं आली. बंदूक ओढली तर ती नीट उडालीच नाही, नुसती ठिणगी पडली. पण अस्वलं तेवढ्यानेच पळाली.

त्या रात्री त्याने आणखी एक दृश्य पाहिलं. नदीच्या अरुंद भागातून माशांची प्रचंड झुंड वर सरकत होती आणि गेटर त्यांच्यासाठी या काठापासून त्या काठापर्यंत दाटीवाटीने उभे होते. ते शांत असते तर त्यांच्या डोक्यांवरून चालत पलीकडे जाता आलं असतं, असं त्याने लिहिलं. आजचे फ्लोरिडातले सरकारी नियम आठवा. गेटरला खायला घालणं गुन्हा आहे, कारण माणसाची भीती गेलेला गेटर धोकादायक होतो. बिलीने माशांच्या आतड्यांच्या शेजारी बसून लिहिलेल्या वर्णनात हा धडा उलट बाजूने आहे.

पुढे व्यापाऱ्यांबरोबर तो अलाचुआच्या गवताळ पाणथळीवर आला, म्हणजे मी ज्या पुलावर उभा होतो त्याच परिसरात. जवळच कस्कोविला या गावी सेमिनोल लोकांचा प्रमुख राहायचा. गोरे व्यापारी त्याला काउकीपर म्हणत, कारण त्याच्याकडे गाईगुरांचे मोठे कळप होते. पाहुणा इथे जमीन बघायला नाही, व्यापार करायला नाही, नुसती झाडंफुलं बघायला आलाय, हे ऐकून त्याने बिलीला हवं तिथे फिरायची परवानगी दिली आणि एक नाव दिलं, पुक-पग्गी. फुलं शोधणारा. चौतीस-पस्तीस वर्षं व्यापारी, शेतकरी, मजूर असं काहीच धड न होऊ शकलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या खऱ्या कामाचं नाव दिलं. मला या गोष्टीतली सगळ्यात आवडलेली जागा हीच. त्या काळच्या गोऱ्या प्रवाशांपेक्षा बिलीने सेमिनोल, क्रीक आणि चेरोकी लोकांबद्दल कितीतरी अधिक आदराने लिहिलं. त्याच सेमिनोलांना पुढे १८३० नंतरच्या युद्धांत या भूमीतून हुसकावलं गेलं.

(या पाणथळीचीही एक गंमत सांगतो. तिचं पाणी जमिनीतल्या एका मोठ्या विवरातून खाली निघून जातं. १८७१ मध्ये ते विवर तुंबलं, सगळ्याचं तळं झालं आणि त्यावर वाफेच्या बोटी चालायला लागल्या. वीसेक वर्षांनी पाणी पुन्हा ओसरलं आणि बोटी चिखलात बसल्या. असो.)

बिली परतला तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं होतं. पण त्याच्या पुस्तकात युद्धाचा मागमूसही जवळजवळ नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, इंग्रजांचं सैन्य फिलाडेल्फियाकडे सरकत असताना, वडील गेले. मुलगा घरी आल्याचं त्यांनी पाहिलं. पुस्तक मात्र त्यांनी पाहिलं नाही, आणि १७८० मध्ये वारलेल्या फॉदरगिल यांनीही नाही. ते छापून आलं १७९१ साली, फिलाडेल्फियात. म्हणजे प्रोजेक्ट संपल्यावर चौदा वर्षांनी डॉक्युमेंटेशन! वर तारखांचा घोळ इतका, की कुठल्या वर्षी तो कुठे होता यावर अभ्यासकांना पुष्कळ डोकेफोड करावी लागली.

युरोपात पुस्तक गाजलं. लंडन, डब्लिन, मग जर्मन, डच, फ्रेंच. वर्ड्‌स्वर्थ आणि कोलरिज यांनी ते अगदी चवीने वाचलं. कोलरिजच्या कुब्लाखानाच्या कवितेत जमिनीतून उसळणारा जो झरा आहे, त्यात बिलीने वर्णन केलेल्या फ्लोरिडातल्या झऱ्यांचा अंश आहे असं अभ्यासक मानतात. पण मायदेशातल्या काही टीकाकारांना ते फारच रंगवलेलं वाटलं. गेटर मेघगर्जनेसारखा ओरडतो, त्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघते, गेटरची आई कोंबडीसारखी पिल्लांना घेऊन फिरते... काहीतरीच!

तर मंडळी, इथे मी जरा वकिली करणार आहे.

ओरडण्याबद्दल शंकाच नाही, मी स्वतः ऐकलंय. आवाज यायच्या आधी नर इतक्या खालच्या पट्टीतला आवाज काढतो की माणसाच्या कानाला तो कळत नाही, आणि त्या कंपनामुळे पाठीवरचं पाणी उडतं. बिलीच्या हातात टेलिलेन्स नव्हती, पेन्सिल होती. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्याचं गेटरचं चित्र आहे, त्यात नाकातून वाफेचे लोट काढलेत. त्याला दिसलं ते हेच उडणारं पाणी, किंवा गार हवेतला श्वास असावा असं माझं मत. माझ्या पंधराशे डॉलरच्या कॅमेऱ्यालाही धूरच दिसला की! आईचं म्हणाल तर ती घरटं राखते, पिल्लांचा आवाज ऐकून घरटं उकरते, त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. विसाव्या शतकातही बराच काळ यावर शंका घेतली गेली. मग कॅमेऱ्यांनी ती मिटवली.

आता जे चुकलं तेही सांगतो. एका घरट्यात शंभर ते दोनशे अंडी त्याने लिहिली. खरी तीस ते पन्नास असतात. वीस फुटी गेटर आपण पाहिले आणि बावीस-तेवीस फुटी असतात असं म्हणतात, असंही लिहिलं. फ्लोरिडातला नोंदलेला सर्वांत लांब गेटर सव्वाचौदा फुटांच्या आसपास आहे. इथे मात्र त्याला वाचवता येत नाही.

पण थांबा. त्या शनिवारी घरी आल्यावर मी बायकोला, शेजाऱ्यांना आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सांगलीच्या अख्ख्या ग्रुपला सांगितलं होतं की माझा गेटर बारा फुटी होता. पुढे कळलं की अंदाजाची एक सोपी युक्ती आहे. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी. फोटोत शेजारी पुलाचा खांब होता. पुढच्या फेरीत टेप घेऊन त्याची रुंदी मोजली आणि घरी त्रैराशिक मांडलं. साडेआठ फूट. तेही मी पुलावर उभा, हातात थेपला, जिवाला कसलाही धोका नाही. बिली सोटा घेऊन होडीत होता. ग्रुपवर मी अजून दुरुस्ती टाकलेली नाही.

पुढचं आयुष्य बिलीने बागेतच काढलं. बाग वडिलांनी धाकट्या भावाच्या नावे केली होती. त्याने लग्न केलं नाही. १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठाने प्राध्यापकी देऊ केली, तब्येतीच्या कारणाने ती नाकारली. १७८६ मध्ये बिया काढायला सायप्रसच्या झाडावर चढला आणि पडून पाय मोडला. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना तो रेड नदीच्या मोहिमेवर हवा होता, पण वय झालं म्हणून गेला नाही. घराजवळच्या शाळेत अलेक्झांडर विल्सन नावाचा एक स्कॉटिश मास्तर आला. त्याला पक्ष्यांचं वेड होतं. बिलीने त्याला चित्रकला आणि पक्षी दोन्ही शिकवले, आणि पुढे त्या मास्तराने अमेरिकेतल्या पक्ष्यांवर पहिला मोठा ग्रंथ केला. जगभरचे विद्वान या बागेत येत. कित्येकांना पायात चपला नाहीत, हातात कुदळ, असा म्हातारा माळी भेटे. तो माळी म्हणजेच बिली.

२२ जुलै १८२३ च्या सकाळी त्याने एका रोपाचं वर्णन लिहून संपवलं, बागेत फेरी मारायला उठला आणि कोसळला. चौऱ्याऐंशी वर्षांचा होता.

अल्टामाहाकाठचं ते झाड राहिलं. परतीच्या फेऱ्यांत बिलीने त्याच्या बिया आणल्या आणि बागेत लावल्या. फ्रँकलिन यांच्यावरून त्याला फ्रँकलिनिया नाव पडलं. रानात ते शेवटचं दिसलं १८०३ साली, त्यानंतर कधीच नाही. आज जगात जिथे कुठे फ्रँकलिनिया आहे, ते सगळं बार्ट्रमच्या बागेतल्या बियांचं वाण.

तसं गेटरचंही होता होता वाचलं. कातड्यासाठी इतके मारले गेले की १९६७ मध्ये ते धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत गेले. संरक्षण मिळालं, आणि १९८७ मध्ये सावरले असं जाहीर झालं. आता एकट्या फ्लोरिडात तेरा लाखांच्या आसपास आहेत.

फिलाडेल्फियाची ती बाग अजून आहे, आणि कुणालाही पाहता येते. क्लायंटच्या कामाने ऑगस्टअखेरीस तिकडे जावं लागलं तेव्हा बायको आणि लेकीला बरोबर नेलं. फ्रँकलिनिया फुलला होता. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळेधमक पुंकेसर. कॅमेऱ्याची बॅटरी मी हॉटेलवर चार्जिंगला लावून तशीच विसरलो होतो. मग लेक वही काढून तिथेच गवतावर बसली आणि तिने फूल काढलं. पाकळ्या बरोबर पाच. शेजारी जागा उरली होती, तिथे तिने एक गेटर काढला. नाकातून धूर सोडणारा.